कोंड्याला घेतलेलं लेकरू

एस्तेरबाई तहसीलदाराला 'अरे' म्हणायच्या आणि तासाभराच्या लेकराला 'अहो'. आमच्या मोहाडी गावात त्यांच्याबद्दल पहिली तक्रार हीच होती, म्हणून मीही इथूनच सुरुवात करते. बाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. धर्मानं ख्रिस्ती, बोलणं नगरकडचं, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी समोरून येताना रस्ता बदलावा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची इकडे बदली झाली आणि आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायला आल्या.

माझा थोरला झाला तो त्यांच्याच हातावर. मी अर्धमेली होऊन पडले होते. एवढ्यात कानावर आलं, "या, या! आलात का? प्रवास फार झाला बघा. उजेड डोळ्यांवर येतोय होय? थांबा, पडदा ओढते." मला वाटलं मामाजीच, म्हणजे माझे सासरे, आत आले! तशा अवस्थेत मी डोक्यावर घ्यायला पदर शोधायला लागले. बाईंनी माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाल्या, "गप पड. तुला नाही, साहेबांना म्हणतेय." साहेब तेव्हा त्यांच्या हातात उलटे लोंबकळून भोकाड पसरत होते.

पुढे मी विचारलं, "बाई, एवढ्याशा पोट्ट्याले काहून अहो म्हणता?"

"अगं, तो आत्ता देवाच्या हातातून सुटून आलाय. अजून त्या हाताची ऊब आहे त्याच्या अंगाला. त्याला अरे म्हणायची माझी काय टाप आहे?"

"आन तहसीलदाराले अरे म्हणता ते?"

"त्याच्यावर धूळ बसलीय. अधूनमधून झटकावी लागते."

आता बोला! अशा बाईशी वाद घालायचा कसा? दिसायला ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पांढरं लुगडं, दंडाला लटकवलेली पुरुषांची काळी छत्री आणि तोंडात पान. दवाखान्याच्या कामाला सायकलीवरून जायच्या. सायकल चालवता यायची, पण उतरता मात्र यायचं नाही. थांबायचं असलं की लांबूनच ओरडायच्या, "धरा रे!" आणि जो जवळ असेल तो धावत जाऊन सायकल धरायचा. भिंत असली तर भिंत. पंचायतीच्या भिंतीला त्यांच्या हँडलनं पडलेला खळगा मी स्वतः पाहिलेला आहे.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली होती की भाडेकरणीनं आमच्या विहिरीला हात लावायचा नाही. बाईंनी मान डोलावली. "बरं बाई, नाही लावत. मग पाणी तू काढून देत जा." झालं! रोज सकाळी बाई दारात बादल्या मांडून उभ्या, आणि सासूबाई कमरेला पदर खोचून दोर ओढतायत. बाई वर प्रेमानं विचारायच्या, "दमलीस का?" थोड्याच दिवसांत अट आपोआप विहिरीत बुडाली. दिवाळीपर्यंत तर दोघी सपरीत, म्हणजे आमच्या ओसरीत, बसून चिंचोक्यांनी अष्टा-चंगा खेळू लागल्या. सासूबाई जिंकायच्या आणि बाई रुसायच्या. अगदी खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. चाळीशी उलटलेली बाई, पण हरणं म्हणून सोसायचं नाही.

रविवारी सकाळी त्यांची भक्ती चालायची. गळा बेसूर होता, पण आवाज दणदणीत. गाणं संपलं की प्रार्थना, आणि प्रार्थनेत गावातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मागणं. आमची भिंत मातीची, पातळ. "हे प्रभू, भाऊच्या मूळव्याधीला आराम पडू दे." भाऊ म्हणजे आमचे मामाजी. ते इकडे चहा पिता पिता ठसकायचे. शेजारणी कुंपणापाशी कान लावून उभ्या असायच्या, कारण गावात कोणाला काय झालं हे रविवारी फुकटात कळायचं.

एकदा मामाजी तणतणत गेले. "बाई, माह्या मूळव्याधीचा बाजार कायले करून राहिल्या?"

"मग काय देवाला खाणाखुणा करून सांगू? तो भलत्याचीच बरी करून बसेल."

"देवाले समदं समजते."

"समजतं. पण कोणीतरी आपलं नाव घेऊन मागतंय हे तुलाही समजायला नको का, भाऊ?"

मामाजी तसेच पाय आपटत परत आले. पुढच्या रविवारी मात्र चहा घेऊन ते त्याच भिंतीला टेकून बसले, आणि आपलं नाव यायच्या आधी चहा संपणार नाही इतका हळू प्यायले.

बाजाराच्या पिंपळाखाली एक म्हातारा पडलेला असायचा. कुठला, कोणाचा, ठाऊक नाही. फाटकी गोधडी पांघरायचा म्हणून पोरं 'गोधडीवाला' म्हणून ओरडायची. पायाला जखम झाली होती आणि वास यायचा, त्यामुळे लोक नाकाला रुमाल लावून जायचे. एक दिवस बाईंनी कोणाची तरी बैलबंडी थांबवली, म्हाताऱ्याला तीत घातलं आणि सरळ आमच्या सपरीत आणलं. जखम धुतली, पट्टी बांधली आणि मामाजींच्या आरामखुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत घरातलं दुसरं कोणी बसत नसे. माझा नवरासुद्धा नाही.

मामाजी दुकानातून जेवायला आले ते उंबऱ्यातच थबकले. "काहून बाई? तो माह्या खुर्चीवर?"

"हळू बोल, भाऊ. ते निघालेत."

"कोठी निघाले?"

"घरी. जिथून आले तिथं. येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला मी अहो म्हणते. तुमच्यासारख्या मधल्यांचं काय, तुम्ही इथेच लोळताय. यांचं नाव दशरथ आहे. गोधडीवाला कोणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही."

तेवढ्यात दशरथबुवांनी एक डोळा उघडला, मामाजींना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बस नं भाऊ. उभा काहून हायेस?"

मामाजी धानाच्या पोत्यावर बसले! मी आतल्या दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते. पुढे ही गोष्ट मामाजींनीच अख्ख्या बाजाराला सांगितली, "माह्या घरी मलेच बस म्हणते बाप्पा!" आणि सांगताना दर वेळी पोट धरून हसायचे. म्हातारा त्यानंतर पावसाळाभर जगला, आणि रोज दुपारी खुर्ची त्याची असायची. तो गेला तेव्हा खांदा द्यायला पहिले मामाजी उठले. कोणी विचारलं तर म्हणाले, "माह्या घरचा माणूस होता."

बाई कोणाला हरल्या असतील तर एक सासूबाईंना आणि दुसरं कचरूला. कचरूचा पानठेला बाजाराच्या तोंडाशीच होता. बाई त्याला 'ए पानवाल्या' म्हणून हाक मारायच्या. त्याला ते लागलं. म्हणाला, "बाई, माह्यं नाव हाय नं."

"ते नाव आहे? देवानं घडवलेल्या माणसाला कचरा म्हणायचं?"

"अवो, त्याच नावानं त मी जगलो. माह्या आधी मायचे पोट्टे गेले. मी झालो त मायनं मले सुपात टाकलं आन शेजारच्या बुढीले इकलं. मूठभर कोंडा देला तिनं. दिवस बुडाच्या आंदी मायनं कोंडा वापस देला आन मले घेऊन आली. यमाले वाटलं, कोंड्याच्या भावाचा माल हाय, कायले न्या? सोडून गेला तो मले."

बाईंचा चेहरा लाल झाला. मूठभर कोंडा! माणसाची किंमत कोंडा! त्या तिथेच सगळ्या बाजाराला ऐकवायला निघाल्या होत्या. मी सोबत होते. म्हटलं, "बाई, थांबा. तुमी उलटं समजून राहिल्या. स्वस्त वाटते म्हणून नाई इकत. लय महाग वाटते म्हणून इकते. ज्या घरातलं लेकरू जाते, ते घर असं करते. लोकं सोनं नाई का कोंड्याच्या डब्यात लपवत?"

बाई पान चघळत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पण लपवलेलं परत काढता ना?"

"काढनार नाई त काय!" कचरू म्हणाला.

"मग ठीक. पण तुला मी कचरू म्हणणार नाही."

"मंग मी तुमाले पान देनार नाई."

गावात दुसरा पानठेला होता, पण त्याचा चुना बाईंची जीभ भाजायचा. चार दिवस त्या चिडचिड करत हिंडल्या, दवाखान्यात सगळ्यांवर खेकसल्या. शेवटी एका सकाळी सायकल थेट ठेल्यावर नेऊन आदळली आणि म्हणाल्या, "कचरू, एक साधं दे." त्या दिवशी कचरूनं आजूबाजूच्या सगळ्यांना फुकट पान खिलवलं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

जवळच्या खेड्यात सुकराम नावाचा एक शेतकरी होता. थोडी धानाची बांधी, म्हणजे भातशेती, आणि घरामागे वांग्याटमाट्याची वाडी. घरात त्याची आई भागरताबुढी आणि बायको पार्बता. पार्बताची दोन लेकरं आधी गेली होती, एक चार महिन्यांचं होऊन आणि एक जन्मतःच. धानकापणीच्या दिवसांत तिसरं झालं. मुलगी. बाईंच्याच हातावर झाली, आणि धडधाकट झाली.

पाचव्या दिवशी दुपारी भागरताबुढी सूप घेऊन आमच्या दारात. सुपात धडप्यात गुंडाळलेली पोट्टी. म्हणाली, "बाई, तुमी घ्या इले. तुमचा देव येगळा. आमच्या घरामागं जे लागलं हाय ते तुमच्या दारात येत नाई."

बाई फुलून गेल्या. देव वेगळा म्हणून विहिरीवर येऊ नका म्हणणारे त्यांनी खूप पाहिले होते. देव वेगळा म्हणून लेकरू सांभाळा म्हणणारी ही पहिलीच. सासूबाईंनी गाईच्या कोंड्यातली मूठ काढून दिली, बाईंनी ती बुढीच्या पदरात टाकली आणि दोन्ही हातांनी सूप घेतलं. "दिवस बुडाच्या आंदी येतो," म्हणून बुढी गेली.

दुपारभर बाई त्या पोरीशी गप्पा मारत होत्या. "उन्हं उतरली बघा, मालकीणबाई. आता येतील हं तुमची माणसं." उन्हं उतरली. गाई परतल्या. सासूबाईंनी दिवा लावला. कोणी आलं नाही.

त्या वेळी माझी धाकटी अंगावर होती, म्हणून पोट्टीला मीच पाजलं. बाई दारातून हलल्या नाहीत. 

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्बता आली. अंगात ताप, पाच कोस नसले तरी बाळंतिणीनं चालण्याजोगं अंतर नव्हतंच ते. लेकराला उराशी धरून ती सपरीच्या खांबाला टेकून बसली आणि ढसाढसा रडली. सासूनं तिला सांगितलं होतं, इकली ते इकली, नर्सबाई पोसतील, ख्रिस्ती लोक पोसतात. सुकराम तेव्हा तिथंच मान खाली घालून बसला होता. तो आईच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

"तुमी पोचवून द्या नं बाई," पार्बता म्हणाली. "मी नेली त घरात घेनार नाई. तुमाले नाई म्हनू शकत नाई बुढी."

"का पोचवू? टपाल आहे का ती?" बाई कडाडल्या. मग तिच्या शेजारी बसून तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "मी दारात नेऊन ठेवली तर ती कायमची ठेवलेलीच राहील, बाळा. तिला घ्यायला यायला पाहिजे कोणीतरी. तू आलीस. तिचा बाप अजून यायचा आहे."

बाजाराच्या दिवसापर्यंत मायलेकी बाईंच्या खोलीत राहिल्या. बाईंनी पार्बताला खाऊ-पिऊ घातलं, औषध दिलं. पण माझं लक्ष बाईंकडेच होतं. पार्बता झोपली की पोरगी त्यांच्या मांडीवर. तिच्या मुठीत स्वतःचं बोट देऊन बसायच्या. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. शेकडो लेकरांना 'या बसा' म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या हवाली केलेलं, पण एवढे दिवस राहिलेलं हे पहिलंच. मला कळत होतं की सुकराम आला नाही तर बाई रडणार नाहीत, आणि आला तर रडतील.

बाजाराच्या दिवशी बाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं. पोरीला सासूबाईंच्या लाल रेशमी खणात गुंडाळलं. मी मागे, सासूबाई त्याच्या मागे, शेवटी पार्बता, असं आमचं लटांबर निघालं. बाई प्रत्येक दुकानापुढे छत्री उघडून थांबायच्या आणि हातातली पोरगी पुढे करायच्या. "ओळख करून देते. या सुकरामच्या कन्या. नमस्कार कर रे." कापडवाल्यानं केला. कासारानं केला. धानाच्या ओळीतल्या मिशाळ व्यापाऱ्यांनी तागडी खाली ठेवून हात जोडले. बाईंना नाही म्हणायची छाती कोणाची? कचरू तर ठेला सोडून आमच्यात सामील झाला.

आम्ही भाजीच्या ओळीत पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. सुकराम वांग्यांच्या ढिगामागे बसलेला, शेजारी भागरताबुढी. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "काय गड्या, लक्ष्मी आली म्हनते! पेढे कोठी हायेत?" बिचारा घामाघूम झाला होता.

बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. बुढीच आधी बोलली. "बाई, इकली ते इकली. आता कायले आनली?"

"का नाही आलीस न्यायला?"

बुढी वांगी सरळ करत राहिली. मग अचानक तिचा आवाज फाटला. "माह्या घरी मरते नं बाई लेकरं! दोन दोन मातीत ठेवले या हातानं. मले नाई आता ताकद. तुमच्याइथं जगंल थे."

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. हळूच विचारलं, "खरं सांग. मुलगा असता तर आली असतीस न्यायला?"

वांगी सरळ करायचा बुढीचा हात थांबला, आणि सुकरामनं आईकडे पाहिलं. मला वाटतं त्यानं जन्मात पहिल्यांदा आईकडे तसं पाहिलं असेल.

कचरूला ते सहन होईना. शेजारच्या पोत्यातून त्यानं मूठभर कोंडा उचलला आणि सुकरामच्या ओंजळीत ओतला. "घे, दे बाईले आन उचल पोट्टी. माह्या मायनं असंच केलं होतं."

सुकराम उठला, ओंजळ पुढे केली. बाईंनी लेकरू छातीशी घट्ट धरलं. "कोंड्याला नाही विकायची मी. कोंड्याला घेतली होती. आता भाव चढलाय."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

"एक खंडी धान देतो," सुकराम म्हणाला.

"धान दरवर्षी पिकतं. ही पिकते का?"

"बोकड देतो, बाई."

"बोकडाला बाजार आहे. हिला कुठला बाजार?"

"बैल..." तो अडखळला. एक बैल गेला तर नांगर कसा चालणार हे गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "बैल घ्या नं बाई, लय झालं." बाईंनी मान हलवली. पार्बताचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मला बाईंचा राग आला. म्हटलं, ही बाई पोर द्यायचीच नाही म्हणते की काय? अगं, तो मागतोय ना, दे की!

सुकरामनं ओंजळीतला कोंडा खाली टाकला. हात धोतराला पुसले. म्हणाला, "बाई, माह्याजवळ दुसरं काई नाई. बांधी मायच्या नावानं हाय. मीच येतो. मले सालदार ठेवा. तुमी म्हनाल तोपर्यंत राबतो. पोट्टी द्या."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या घरी राबणारा गडी. स्वतःची शेती असलेला माणूस सालदार होणं म्हणजे आमच्याकडे नाक कापून देणं. आणि तो हे भरबाजारात म्हणाला, आपल्या आईसमोर, एका मुलीसाठी.

बाईंनी पोरीच्या कपाळावरचं जावळ मागे सारलं. मग म्हणाल्या, "हा भाव बरोबर आहे, पोरा. माणसाची किंमत माणूसच. आमच्या येशूनं आम्हाला सोडवलं ते काही सोनंनाणं मोजून नाही. तो स्वतः आला. स्वतःला दिलं. तेव्हापासून याच्याखाली मी कोणाचा भाव होऊ देत नाही." आणि हातातल्या लाल खणाकडे वाकून म्हणाल्या, "मालकीणबाई, हा तुमचा सालदार. सांभाळून घ्या."

सुकरामनं लेक घेतली. कशी धरायची ते त्याला कळत नव्हतं. भागरताबुढी उठली, आणि मला वाटलं आता काही तरी बोलते, तर तिनं त्याचं कोपर वर करून दिलं. "डोस्कं धर, डोस्कं," म्हणाली. पार्बता हसत होती की रडत होती, देव जाणे. कचरू मात्र उघड उघड रडत होता.

त्या संध्याकाळी बाई खोलीत लहान लहान दुपटी घडी करत बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले. म्हणाल्या, "सुशे, एक चुकलं माझं. मी बैलावर थांबले असते ना, तर इतकं रडू आलं नसतं." मग सासूबाई अष्टा-चंग्याचा पट घेऊन आल्या. त्या दिवशी सासूबाई मुद्दाम हरल्या, आणि बाईंना ते कळलं, आणि त्यावरूनही बाई रुसल्या.

मला वाटलं गोष्ट संपली. कसली संपते! दुसऱ्या दिवशी पहाटे उंबऱ्यात सुकराम. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. "आलो बाई. काय काम हाय?"

"कसलं काम?"

"सालदार नं मी. भरबाजारात बोललो हावो."

बाईंना वाटलं होतं, बोलला ते बोलला. पण आमच्याकडे चार माणसांत दिलेली सालदारीची बोली म्हणजे बोली, ती मोडली तर माणसाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. बाईंनी त्याला परोपरीनं समजावलं, तो हलेना. शेवटी वैतागून म्हणाल्या, "तू माझा सालदार नाहीस, तिचा आहेस. मालकिणीला दर बाजारी खांद्यावर बसवून आणायचं, सगळा बाजार फिरवायचा आणि मला दाखवून घरी न्यायचं. हेच काम. जा."

तो गेला, आणि त्यानं ते केलं. त्या काळी बापानं चारचौघांत लेकीला उचललेलं आमच्याकडे दिसत नसे. मुलगाही कोणी फार उचलत नसे. हा गडी रोवणीच्या चिखलातून आलेला असो की मळणीच्या धुळीतून, बाजारच्या दिवशी खांद्यावर सुमन. हो, नाव पार्बतानं सुमन ठेवलं. भागरताबुढी तिला कोंडाबाई म्हणायची, पण मिठीत घेऊन म्हणायची. लोक आधी हसले. मग सवय झाली. मग एक दिवस धानाच्या ओळीतला एक मिशाळ व्यापारी आपली लेक खांद्यावर घेऊन आलेला मी पाहिला, आणि तो इतका लाजत होता की मीच दुसरीकडे तोंड फिरवलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास बाई निवृत्त झाल्या. नगरला भाच्याकडे राहायला जायचं ठरलं. तुमसर रोडच्या फलाटावर त्यांना पोचवायला इतकी माणसं आली की स्टेशनातल्या लोकांना वाटलं कोणी पुढारी चाललाय. बाई खिडकीत बसून सगळ्यांना रागावत होत्या. एकाला औषध घेत नाही म्हणून, दुसऱ्याला बिडी ओढतो म्हणून. मला म्हणाल्या, "सुशे, रडशील तर याद राख," आणि स्वतःच्याच डोळ्यांना पदर लावला.

सुकरामनं त्यांची ट्रंक डब्यात चढवली आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. केस पिकले होते त्याचे. हात जोडून म्हणाला, "बाई, एक इचारतो. इतके वर्सं झाले. माह्यं साल सरलं का नाई?"

"मला काय विचारतोस? मालकिणीला विचार."

सुमन तेव्हा सहावी-सातवीत असेल. दोन वेण्या, शाळेचा निळा स्कर्ट. गर्दीच्या मागे टाचा उंचावून उभी होती. बापानं वळून पाहिलं तसं ती तिथूनच ओरडली, "नाई सरलं! मले बाई दिसून नाई राहिल्या, बाबा!"

लोक बाजूला झाले. सुकराम तिच्यापुढे खाली बसला. एवढी मोठी पोट्टी लाजेल असं मला वाटलं, पण ती लाजली नाही. बसली खांद्यावर. गुडघ्यावर हात टेकून, "माय वो!" म्हणत तो उठला तेव्हा गाडीनं शिटी दिली होती. सगळ्या फेट्यांच्या, पदरांच्या, टोप्यांच्या वर सुमन, दोन्ही हात हलवत.

बाई जागेवरून उठल्या आणि डब्याच्या दाराशी आल्या. पान खाऊन लाल झालेलं तोंड सताड उघडं टाकून त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गाडी वळेपर्यंत त्या तिच्याकडेच बघत होत्या. आमच्यापैकी दुसऱ्या कोणाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.